अर्थ न बदलता डिग्री बदला

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले औरस पुत्र मागे न ठेवता निवर्तले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीसाहेबाने दत्तकाचा हक्क नामंजूर करून नागपूरचे राज्य खालसा केले, ही हकीकत तेथल्या महाल नावाच्या जुन्या वस्तीतील शाळकरी पोरासही तोंडपाठ असते. परंतु ज्या इंग्रजांस एवढे राज्य घशात घालावयास जेमतेम काही महिने पुरले, त्यांचे एक साधे विशेषण ताब्यात घेण्याचे काम महालकरांनी त्याच सुमारास हाती घेतले असून ते अद्यापि तडीस गेलेले नाही. ‘त्याच सुमारास’ म्हणणेही तितकेसे बिनचूक नव्हे. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री १८४५ साली नागपुरास आले व पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा घातली, म्हणजे वाड्यावर भोसल्यांचे निशाण फडकत असतानाच इंग्रजी व्याकरणाने शहरात पाऊल टाकले होते. आणि इतिहासकार काहीही म्हणोत, माझ्या अल्प मतीप्रमाणे आमचे राज्य गेले ते नंतर, स्वस्थता गेली ती आधी.

वरकरणी पाहता या प्रकरणात भिण्यासारखे काही नाही. नुसता गुण सांगणारी ती पॉझिटिव्ह डिग्री, दोघांत डावे-उजवे ठरविणारी ती कंपॅरेटिव्ह आणि सर्वांवर कडी करणारी ती सुपरलेटिव्ह. विशेषण ठेंगणे असेल तर त्याच्या शेवटी ‘अर’ आणि ‘एस्ट’ जोडावे, आणि ते लांबलचक असेल तर त्याच्या अंगास हात न लावता पुढे ‘मोअर’ किंवा ‘मोस्ट’ हा चोपदार चालवावा. हा भेद मूळचा घराण्याचा आहे. आखूड विशेषणे बहुधा इंग्रजीच्या जुन्या जर्मानिक कुळातली, ती आपला मोठेपणा आपल्याच पदरात बांधून हिंडतात. लांबलचक विशेषणे बहुतांशी फ्रेंच आणि लॅटिन घराण्यांतून आलेली, त्यांना ललकारीवाचून पाऊल टाकवत नाही. दरबाराच्या छायेत वाढलेल्या महालास ही व्यवस्था परकी वाटण्याचे वस्तुतः कारण नव्हते.

पण एवढ्यावर भागते तर ती इंग्रजी कसली! ‘गुड’ हे त्या भाषेतील अत्यंत सालस व सद्गुणी विशेषण, परंतु त्याच्या नशिबी औरस संतती नाही. त्याच्या गादीवर ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ हे निराळ्याच कुळातले दोघे आणून बसविलेले आहेत. ‘बॅड’ची गत तीच, तेथे ‘वर्स’ आणि ‘वर्स्ट’ यांचा अंमल चालतो. आता सुज्ञ वाचकाने क्षणभर विचार करावा. ज्या राष्ट्राने औरस वारस नाही या एका सबबीवर आमची गादी बरखास्त केली, त्याच राष्ट्राच्या व्याकरणात निपुत्रिक विशेषणांचे दत्तक शतकानुशतके बिनतक्रार बहाल आहेत, आणि जो महालकर बालक ‘गुड, गुडर, गुडेस्ट’ असे लिहून औरस वारसाचा पक्ष उचलतो, म्हणजे डलहौसीचेच धोरण इमानाने पुढे चालवितो, त्याच्या उत्तरावर तांबडी रेघ ओढली जाते. बॅरिस्टरांनी हा मुद्दा लंडनच्या दरबारात वेळीच का मांडला नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे. त्यांना बहुधा विशेषणे येत नसावीत.

हे शास्त्र शिकविण्यासाठी निरनिराळ्या काळी निरनिराळे ग्रंथ मुक्रर झाले. आजोबांच्या पिढीने नेसफिल्डचे व्याकरण घोकले आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर दिव्याचे तेल जाळले; पुढील पिढ्या रेन आणि मार्टिन या जोडगोळीच्या हवाली झाल्या. यांपैकी रेनसाहेबांनी १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची, वाळवंटात लढणाऱ्या फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवरची, रक्त आटविणारी कादंबरी लिहून जगभर कीर्ती मिळविली. पण तीत जितके लोक कामास आले त्यांहून कितीतरी अधिक त्यांच्या व्याकरणात गारद झाले, आणि त्यांची नोंद कोठेही नाही.

महालाच्या मुलास कंपॅरेटिव्ह शिकण्यासाठी वस्तुतः पुस्तक उघडण्याचीही गरज नाही, कारण तो त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उभा आहे. गांधी गेटच्या आसपास ‘राम कूलर चौक’ या नावाने सर्वमान्य झालेला एक चौक आहे, आणि ‘कूल’ या विशेषणाचे पुढचे रूप काय या प्रश्नाला येथल्या मुलाकडून चुकीचे उत्तर येणे अशक्य होय. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंस वाळ्याच्या ताट्या, पोटात पाण्याचा पंप आणि समोर पंखा. ही वस्तू चैत्रात माळ्यावरून उतरते, खिडकीत बसते आणि मृगापर्यंत घरातील कर्त्या पुरुषाहून अधिक मान घेते. व्याकरणकार म्हणतील की हा ‘अर’ निराळा आणि तुलनेचा ‘अर’ निराळा. म्हणोत बापडे! त्यांना वैशाखातल्या दुपारी त्या पेटीसमोरून उठवून पलीकडच्या खोलीत बसवावे, म्हणजे तुलना होते की नाही ते त्यांस घामाच्या अक्षरांत कळेल.

दुसरे उदाहरण साक्षात राजवाड्याचे. महालातील वाड्यास ‘सीनियर भोसला पॅलेस’ म्हणतात, कारण धाकटी पाती सक्करदऱ्याची. ‘सीनियर’ हे लॅटिनमधून जसेच्या तसे आलेले कंपॅरेटिव्ह आहे, आणि त्याचा खानदानी हट्ट असा की आपल्यामागे ‘दॅन’ हा सामान्य शब्द लागू द्यावयाचा नाही, ‘टू’च पाहिजे. ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’, ‘ज्युनियर’ ही सगळी त्याच पंगतीची मंडळी. ‘एल्डर’चा रिवाज याहून कडक. ‘ओल्डर’ हा बाजारात कोणाशीही तोलून पाहता येतो, पण ‘एल्डर’ घराबाहेर पडत नाही आणि त्याच्यापाठी ‘दॅन’ चालतच नाही. घरातला थोरला तो थोरला, कोणापेक्षा थोरला हे विचारण्याची मुभा नाही. ज्याने हा नियम प्रथम पाळला तो इंग्रज खात्रीने एकत्र कुटुंबात, मोठे बाबा आणि मोठी आई यांच्या नजरेखाली वाढलेला असला पाहिजे.

इंग्रज सरकारनेही शिक्षणात हयगय केली असे म्हणता येणार नाही. पुस्तकांनी भागेना तेव्हा त्याने पदव्या काढल्या: रावसाहेब ही पॉझिटिव्ह, रावबहादूर ही कंपॅरेटिव्ह आणि दिवाणबहादूर ही सुपरलेटिव्ह. ‘सर’ ही अनियमित रूपात मोडणारी, तिचा आधीच्या तिन्हींशी धातुसंबंध नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. चिटणवीस घराण्यातील गंगाधरराव हेही ‘सर’ झाले. जो शिरस्तेदार वर्गात तीन डिग्ऱ्या ओळीने सांगू शकला नाही, तो पुढे वाढदिवसाच्या सरकारी यादीत रावसाहेब आणि रावबहादूर यांतील अंतर डोळे मिटून सांगत असे, आणि शेजाऱ्यास त्यांपैकी कोणती मिळाली यावर त्याच्या त्या दिवसाच्या जेवणाची रुची अवलंबून असे. याआधी हेच काम पत्रांचे मायने करीत. कोणास ‘श्रीमंत’ लिहावे, कोणास ‘राजमान्य राजश्री’वर भागवावे, याचे तारतम्य बाळगणे हा भोसल्यांच्या दरबारातील चिटणिसाच्या नोकरीचा अर्धा भाग होता, आणि तारतम्य हा शब्दच ‘तर’ आणि ‘तम’ या संस्कृत प्रत्ययांची मोट बांधून झालेला आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता मी मुख्य फिर्यादीकडे वळतो. विशेषणाच्या तीन अवस्था शिकवून झाल्यावर इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक हुकूम येतो, की अर्थ न बदलता डिग्री बदला. अमुक गोष्ट सर्वांत चांगली आहे, असे वाक्य दिलेले असते. विद्यार्थ्याने ते ‘इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा चांगली’ असे एकदा आणि ‘दुसरी कोणतीच गोष्ट इतकी चांगली नाही’ असे दुसऱ्यांदा लिहावयाचे, आणि या तिन्हींचा अर्थ एकच, असे शपथेवर मानावयाचे. हा हुकूम ज्याने काढला तो एकट्याने बंगल्यात राहत असला पाहिजे, आणि त्याच्या बंगल्याला चारी बाजूंनी बगीचा असला पाहिजे.

महालात दोन बिऱ्हाडांमध्ये एक भिंत असते आणि भिंतीस कान असण्याची गरज नसते, कारण पलीकडची माणसे आपलेच कान वापरतात. अशा ठिकाणी, सणाच्या जेवणास वडाभात केलेला आहे, सासूबाई आणि दोघी सुना वाढीत आहेत, अशा प्रसंगी पाहुण्याने ‘धाकट्या सूनबाईंचा वडाभात चांगला झाला आहे’ असे म्हटले तर ही पॉझिटिव्ह डिग्री होय, आणि तिचे फळ म्हणून पानात आणखी एक वडा व त्यावर तेलाची फोडणी पडते. त्याच सद्गृहस्थाने डिग्री बदलून ‘धाकटीचा वडाभात थोरलीपेक्षा चांगला’ असे उद्गार काढले, तर अर्थ व्याकरणदृष्ट्या फारसा हलत नाही. फक्त थोरलीचे डोके दुखू लागते, ती आत जाऊन निजते, आणि तिचा नवरा पुढे दिवाळीपर्यंत धाकट्या भावाशी वाटणीच्या कागदांखेरीज दुसऱ्या विषयावर बोलत नाही. आणि पाहुणा जर व्याकरणात पारंगत निघाला व त्याने ‘या घरात धाकटीइतका चांगला वडाभात कोणाचाच होत नाही’ असे ‘नो अदर’चे वाक्य योजिले, तर ‘कोणाचाच’ या पदात आपण सासूबाईंनाही ओढले आहे ही गोष्ट त्या भल्या माणसाच्या ध्यानात, सासूबाई हातातले भांडे खाली ठेवून ‘आता आम्ही काशीसच जाणार’ असे म्हणेपर्यंत येत नाही. तीन वाक्ये, परीक्षकाच्या मते एक अर्थ, आणि महालाच्या मते तीन स्वतंत्र दिवाणी दावे.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते, जी परक्यांस आमच्या स्वभावातला दोष वाटते. नागपूरचा माणूस प्रत्येक वस्तूस सर्वांत चांगली म्हणतो, हा आक्षेप पुण्याकडील मंडळी नेहमी घेतात. त्यामागे बढाई नसून निखळ सभ्यता आहे. सुपरलेटिव्हमध्ये एकाचेच नाव घ्यावे लागते आणि बाकीचे सारे अनामिक गर्दीत सुखरूप राहतात; कंपॅरेटिव्हमध्ये दुसऱ्या इसमाचे नाव, बहुधा पत्त्यासह, उच्चारल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. म्हणून येथे दर गल्लीत सर्वांत चांगला डॉक्टर, दर चौकात सर्वांत चांगले पोहे आणि दर वाड्यात सर्वांत हुशार मुलगा आढळतो, आणि कोणीही कोणापेक्षा सरस नसतो.

याहूनही मुत्सद्दी रचना म्हणजे ‘वन ऑफ द’ची. ती पॉझिटिव्हमध्ये नेली म्हणजे ‘इतके चांगले फारच थोडे’ असे तिचे रूप होते, आणि त्यात ते थोडे कोण हे सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहत नाही. सत्कारसमारंभ, शोकसभा आणि पुस्तक प्रकाशन हे तिन्ही प्रसंग या एका वाक्यरचनेवर तोलून धरलेले असतात. ‘विदर्भातील अग्रगण्य साहित्यिकांपैकी एक’ असे म्हटले की व्यासपीठावरील सत्कारमूर्ती ‘अग्रगण्य’वर संतुष्ट होते, समोर बसलेले इतर साहित्यिक ‘पैकी’ या शब्दावर निर्धास्त होतात, आणि वक्ता हारतुऱ्यांसह घरी जातो. इंग्रजी व्याकरणाने आम्हांस जे काही दिले त्यात याच्या तोडीचे दान दुसरे नाही. (हे मी ‘नो अदर’मध्ये लिहून गेलो, इतर दानांनी राग मानू नये.)

मराठीने मात्र या बाबतीत काहीच सोय करून ठेवली नाही, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ‘पेक्षा’ लावला, ‘सर्वांत’ जोडला की आमचे काम भागते हे खरे. विशेषण जागचे हलत नाही. पण आमच्या बोलण्यात जुनी संस्कृत सुपरलेटिव्हे राजरोस हिंडत असतात आणि त्यांस कोणी ओळखत नाही. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ ही सगळी मुळात शेवटच्या पायरीवरची रूपे, आणि त्यांतील ‘इष्ठ’ हा इंग्रजीच्या ‘एस्ट’चा सख्खा नव्हे तरी चुलत भाऊ आहे. मिठाईवाल्याच्या पाटीवरील ‘स्वादिष्ट’ हा शब्द तर इंग्रजीतल्या ‘स्वीटेस्ट’शी मुळापासून जुळतो, धातूने आणि प्रत्ययानेही. म्हणजे संत्राबर्फीच्या डब्यावर ‘अत्यंत स्वादिष्ट’ छापणारा दुकानदार सुपरलेटिव्हवर सुपरलेटिव्ह चढवीत असतो, आणि ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणणारा वक्ता तोच गुन्हा व्यासपीठावरून करतो. यात लाजण्याचे कारण नाही. शेक्सपियरने ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी, सीझरच्या प्रेतापुढे, ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ एकाच विशेषणास दोन्ही बाजूंनी लावून दिले आणि त्याचा एकही गुण कापला गेला नाही. फारशीनेही आम्हांस ‘बेहतर’ आणि ‘बदतर’ दिले. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’ यांचे साम्य पाहून ते एकाच वाड्यातले असावेत असे वाटते, पण भाषाशास्त्री सांगतात की ते केवळ नामसादृश्य आहे. महालात अशी नामसादृश्ये पुष्कळ असून पोस्टमनच्या हालअपेष्टांचे मूळ तेच.

नागपुरी बोलीने तर या सर्व प्रत्ययांचा निकालच लावला आहे. ‘गर्मी आहे’ ही पहिली पायरी, ‘लय गर्मी आहे’ ही दुसरी आणि ‘बेक्कार गर्मी होऊन रायली’ ही तिसरी. यापुढची पायरी शब्दांत नसते, ती टोपीखाली कांदा ठेवून व्यक्त होते. पोह्यांच्या गाडीवर तर संस्कृताचा ‘तर’ चक्क द्रवरूप पावला आहे. वाफवलेल्या पोह्यांवर चण्याचा तिखटजाळ रस्सा आणि त्या रश्श्यावरचा तांबडा तवंग ती तर्री. ‘भाऊ, थोडी तर्री अजून मार’ असे म्हटले की पोह्यांची डिग्री अर्थासकट बदलते आणि खाणाऱ्याच्या चेहऱ्याचीही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म याच नागपूरचा. त्यांच्या विनोदाच्या पुस्तकास ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव पडले, पण त्या पोह्यांवर तर्री नव्हती हे उघड आहे. असती तर श्रीकृष्णाने तिसरी मूठ उचलली असती की नाही याची मला शंका आहे.

उन्हाच्या संदर्भात येथला विद्यार्थी एका नियमास मनापासून मान देतो. ‘हॉट’चे ‘हॉटर’ करताना ‘टी’ दोनदा लिहावा लागतो. पुण्याच्या मुलास ही विनाकारण शाई दवडणे वाटेल. नवतप्यात सायकल हाकणाऱ्या मुलास एका ‘टी’त एवढे ऊन मावणार नाही हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या एका नियमाशी मात्र त्याचे भांडण आहे. ‘नागपूर देशातील कोणत्याही शहराहून तप्त आहे’ असे लिहिल्यास मास्तर ‘अदर’ घालावयास लावतात, कारण नागपूरही देशातलेच शहर असल्यामुळे ते स्वतःहून अधिक तप्त ठरते, आणि हे म्हणे तर्कास सोडून आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूर रोज कालच्या नागपूरहून अधिक तप्त असते; तर्काने एकदा येऊन पाहावे. मे २०१३ मध्ये येथे पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला. मे २०२४ च्या अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले आणि देशभर एकच हाहाकार उडाला, पण हवामान खात्याने चौकशी करून यंत्रात दोष असल्याचा निर्वाळा दिला. इतके निर्विवाद सुपरलेटिव्ह हाती येऊन निसटल्याची हळहळ महालास अद्याप आहे. ज्यांनी तो दिवस अंगावर काढला त्यांच्या मते यंत्र ठीक होते, खाते गार खोलीत बसले होते.

मुंबईशी आमची तुलना मात्र उन्हात होत नाही, डिग्रीत होते. तेथल्या बसगाडीचे नावच ‘बेस्ट’. आमच्या बसगाडीचे नाव ‘आपली बस’. त्यांनी सुपरलेटिव्ह घेतले आणि आम्हांस षष्ठी विभक्ती दिली. १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती; दुसऱ्या दिवशी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानी या शब्दास पुढे ‘उप’ लागला. उपसर्ग लावून लहान होणारे हे विशेषण कोणत्याही व्याकरणात सापडत नाही. १९५३ च्या नागपूर करारान्वये वर्षातून विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरविण्याचे ठरले, आणि ते हिवाळ्यात भरते.

महालातील एका विद्यार्थ्यास परीक्षेत ‘नागपूर इज हॉटर दॅन मुंबई’ हे वाक्य पॉझिटिव्हमध्ये नेण्याचा हुकूम झाला. त्याने ‘मुंबई इज नॉट सो हॉट ॲज नागपूर’ असे निर्दोष उत्तर लिहिले व पुढे, मास्तरांचा ‘अर्थ न बदलता’ हा दंडक स्मरून, अर्थ पूर्णपणे शाबूत राहावा एवढ्यासाठी ‘म्हणून विधानसभा येथे डिसेंबरात येते’ अशी पुस्ती जोडली. परीक्षकाने अर्धा गुण कापला. मुलाचे वडील सेवानिवृत्त कारकून असल्यामुळे त्यांनी फेरतपासणीची दरखास्त लिहावयास घेतली आणि इंग्रजी अर्जाच्या कदीम रिवाजानुसार ‘मोस्ट रिस्पेक्टफुली’ या शब्दांनी तिचा आरंभ केला; तेव्हा मुलाने कागद ओढून घेतला, सुपरलेटिव्ह खोडले, आणि ‘माझ्याइतके आदरशील अर्जदार फारच थोडे आहेत’ हे वाक्य पॉझिटिव्हमध्ये घालून, वडिलांची सही घेऊन, तो अर्ज टपालात टाकला.